न पोचलेला सांगावा

माकणीत कडक भाकरी हवी असली की लोक चन्नम्माकडं जातात. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावठाणात एकसारख्या घरांची रांग आहे, तिच्या टोकाला तिचं घर. दारापुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन चुली आणि चुलीपुढं पाट टाकून बसलेली उंच, गोरी, हाडापेरानं मजबूत बाई. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग विस्तवाच्या कडेला उभी करून वाळवायची. ती पापडासारखी कुरकुरीत होते आणि कितीतरी दिवस टिकते. लोहाऱ्याचे, उमरग्याचे दुकानदार तिच्याकडून गठ्ठे नेतात. लग्नाकार्यालाही भाकरी तिचीच असते.

डोहाळजेवण असलं की शेजारची गजराबाई आदल्या दिवशी येऊन सांगायची, "चन्नम्मा, भाकरी म्याच नेते गं उद्या. तू कशाला उन्हाची येतीस." बोलण्यात वाईट काही नव्हतं. गजराबाई मनानं चांगली होती, आजारपणात पेज आणून देणारी. पण पोटी काही नसलेली आणि नवऱ्यानं माघारी धाडलेली बाई ओटी भरायच्या जागी नको, एवढंच तिला सांगायचं असायचं. चन्नम्मा भाकरी स्वच्छ फडक्यात बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी बायकांची गाणी ऐकू यायची, तेव्हा ती चूल पेटवून कामाला लागलेली असायची.

हे असं तीस वर्षं चाललं होतं.

तिच्या लहानपणी घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालायचं. वडील पंचाक्षरी शेती करायचे आणि बाजाराच्या दिवशी तेल-पेंड विकायचे. आईला ती अव्वा म्हणायची. बरोबरीच्या मुली एकेक करून 'बाजूला बसू' लागल्या, चन्नम्मा मात्र नाही. ती उंच झाली, अंगानं भरली, चारचौघींत उठून दिसू लागली, पण पाळी काही येईना. अव्वानं देवाला नवस बोलले, झाडपाल्याचे काढे पाजले. एकदा न्हाऊ घालताना अव्वाचा हात तिच्या जांघेतल्या दोन बारीक गाठींना लागला. चन्नम्माला त्या लहानपणापासूनच माहीत होत्या. दुखत नव्हत्या, म्हणून ती कधी बोलली नव्हती. अव्वानं हात मागं घेतला, दाराकडं बघितलं आणि कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "यारिगू हेळबेडा." कुणाला सांगू नको. पुढं काही विचारायची चन्नम्माची छाती झाली नाही.

लग्न आळंद तालुक्यातल्या उमाशंकरशी झालं. तो कमी बोलणारा आणि सरळ होता. कधी हात उचलला नाही, कधी वेडंवाकडं बोलला नाही. रात्री त्याच्याजवळ जायचं म्हणजे तिला त्रास व्हायचा, आणि तो त्रास तिला होतोय हे कळून तोही कष्टी व्हायचा. दोघांनाही त्यावर बोलायची भाषा नव्हती. वरीस होत आलं तरी सून बाजूला बसत नाही हे सासूच्या ध्यानात आलंच. तालुक्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि पडद्याआडून सासूला सांगितलं, "हिला गर्भपिशवीच नाही." का नाही, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलंही नाही.

उमाशंकरनंच तिला माहेरी आणून सोडलं. एसटीत सगळा वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. माकणीच्या फाट्यावर उतरल्यावर त्यानं तिची पिशवी स्वतःच्या हातात घेतली, घरापर्यंत आणली, उंबऱ्याशी ठेवली आणि पाणी न पिता माघारी गेला.

त्याच साली भूकंप झाला. पंचाक्षरी शेतात राखणीला होते. चन्नम्मा आणि तिची धाकटी बहीण शिवलीला अंगणात निजल्या होत्या. अव्वा आत होती. दगडमातीचं घर बसलं तसं अव्वा गेली. तिच्या गाठींचं ठाऊक असलेलं एकच माणूस जगात होतं, तेही त्या ढिगाऱ्यात गेलं.

शिवलीला तेव्हा अकराची होती. तिची वेणीफणी, शाळा, पुढं तिचं बाजूला बसणं, सगळं चन्नम्मानं निभावलं. शिवलीलाला पाळी आली त्या दिवशी चन्नम्मानं गूळखोबरं वाटलं आणि मग परसात जाऊन कितीतरी वेळ भांडी घासत बसली. स्वच्छ झालेलीच परत घासत होती. बाप थकला, तोही गेला. चन्नम्मानं कडक भाकरीवर बहिणीचं लग्न लावून दिलं. मुरूमचा शिवराज, कापडाचं दुकान, माणूस शांत. वर्षाच्या आत शिवलीलाला मुलगी झाली. तिचं नाव सृष्टी.

सृष्टी सुट्टी लागली की मावशीकडं यायची. चुलीपुढं बसून करपलेल्या भाकरीचे तुकडे खायची आणि शाळेतलं काहीबाही सांगत राहायची. ती असली की घरात दुसऱ्या माणसाच्या पायांचा आवाज असायचा. गेली की चन्नम्मा दोन-चार दिवस मुद्दाम रेडिओ मोठ्यानं लावायची.

अकरावीच्या सुट्टीत सृष्टी आली तेव्हा चन्नम्माएवढी उंच झाली होती. तेल लावताना तिनं केस बांधायला हात वर केले. पोरीच्या काखा तळहातासारख्या नितळ होत्या. चन्नम्माचा तेलाचा हात तिथंच थांबला, कारण तिच्या स्वतःच्या काखा आयुष्यभर तशाच होत्या.

"सृष्टी, तुला पाळी कवा आली गं?"

"नाही आली अजून. आई म्हणते, काहींना उशिरा येते."

"व्हय व्हय, येती," चन्नम्मा म्हणाली आणि तिनं वेणी घातली. ती इतकी घट्ट घातली की सृष्टी ओरडली.

सृष्टीला न्यायला शिवलीला आली, तेव्हा पोरगी दुकानात गेल्याचं बघून चन्नम्मानं विषय काढला. "शिवा, पोरीला दवाखान्यात दाखव. सतरावं लागलं तिला."

शिवलीलाला ती काय म्हणतेय ते लगेच कळलं. तिचा चेहरा बदलला. "अक्का, तुला काय म्हनायचंय?"

"म्या काय म्हनत न्हाय. दाखव फक्त."

"तुझं नशीब तुझ्यापाशी ठेव अक्का. माझ्या लेकीला लावू नकू ते."

त्यानंतर शिवलीलाचा फोन येईनासा झाला. दिवाळीला सृष्टी आली नाही. चन्नम्मानं करंज्या केल्या होत्या. मुरूमला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर पाठवल्या. डबा रिकामा परत आला, बरोबर काही बोलणं आलं नाही. बहिणीचा राग तिला समजत होता. तिला स्वतःलाच वाटत होतं की आपली सावली खरंच पोरीवर पडली असेल तर? लहानपणी सगळ्यात जास्त मांडीवर घेतलं ते आपणच. असल्या विचारानं तिचं जेवण तुटलं. कुणापाशी बोलावं तर गजराबाईपाशीही बोलण्यासारखं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी सृष्टीच दारात उभी राहिली. कॉलेज बुडवून एकटीच एसटीनं आली होती. पाणी प्यायली, खाली बसली आणि बराच वेळ ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली.

"मावशी, मला इथं जांघेत गाठ आहे. दोन्हीकडं. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. मग म्हणाली, कुणाला सांगू नको."

चन्नम्मानं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. "दुखती का?"

"नाही."

"माझ्याबी न्हाय दुखत," चन्नम्मा म्हणाली.

अव्वानंतर हे ती पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होती, तेही सतरा वर्षांच्या पोरीला. सृष्टी तिच्याकडं बघतच राहिली. मग सरकून तिच्या जवळ बसली. तव्यावरची भाकरी जळाली.

चन्नम्मा पोरीला घेऊन सरळ मुरूमला गेली, शिवराजच्या दुकानात. दुकानात गिऱ्हाईक होतं. मेहुणा लगबगीनं पुढं येऊन "या या, अक्का, बसा" म्हणाला, चहा मागवला. चन्नम्मा लुगड्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसून राहिली. असलं बोलणं बाप्या माणसाशी तिनं जन्मात केलं नव्हतं. गिऱ्हाईक गेलं तरी तिचं तोंड उघडेना. शेवटी ती जमिनीकडं बघत म्हणाली, "शिवराज, पोरीला सोलापूरला न्यायला पायजे. बायकांचं हाय. माझं बी तसंच होतं, आन् माझ्या टायमाला कुनी नेलं न्हाय."

शिवराजनं हातातलं कापड खाली ठेवलं. मग म्हणाला, "शिवलीला दोन महिने नीट जेवत न्हाय. मला सांगत बी न्हाय. म्या गाडी सांगतो, अक्का. तुमीबी चला."

सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात दीपमाला मॅडम म्हणून डॉक्टरीण होत्या, चाळिशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सृष्टीची सोनोग्राफी केली, रक्त घेतलं, त्यातला एक नमुना गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पुण्याला धाडला. निकाल आल्यावर परत बोलावलं. शिवलीला आणि सृष्टी आत गेल्या. चन्नम्मा आणि शिवराज बाहेर बाकावर बसले. आतून आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि मॅडमनीच विचारलं, "मावशी कोण? तुम्ही पण या."

आत शिवलीला भिंतीकडं तोंड करून बसली होती. सृष्टीचे डोळे लाल होते, पण ती ताठ बसली होती. मॅडमनी चन्नम्माला आधी प्रश्न विचारले. पाळी कधी आली होती का, गाठी कधीपासून आहेत, घरात आणखी कुणाला असं होतं का. आईच्या एका बहिणीलाही मूल नव्हतं, तिलाही नवऱ्यानं टाकलं होतं, हे चन्नम्माला तेव्हा सांगताना आठवलं.

मॅडमनी जे सांगितलं त्यातलं तिला त्या दिवशी थोडंच कळलं. सृष्टीची गुणसूत्रं सहसा मुलांमध्ये असतात तशी आहेत, गाठी म्हणजे पोटातून खाली न उतरलेल्या ग्रंथी आहेत, आणि शरीर मात्र बाईचं घडलेलं आहे, कारण एक प्रथिन नीट बनत नाही.

"म्हणजे मी मुलगी आहे ना?" सृष्टीनं विचारलं.

"आहेस की. काल होतीस, आज आहेस, उद्याही. कागदावर एक अक्षर वेगळं आलं म्हणून तू बदलली नाहीस. बाळ पोटात राहणार नाही, हे खरं आहे. ते मी लपवणार नाही."

"आन् हे कशानं झालं?" शिवलीला भिंतीकडं बघतच म्हणाली.

"हे आईकडून मुलीकडं येऊ शकतं. आईला स्वतःला काही होत नाही, कारण तिच्याकडं दुसरी चांगली प्रत असते. तुमच्या आईकडून तुमच्याकडं आलं असणार. यात दोष कुणाचाच नाही, शिवलीलाताई."

शिवलीला उठली आणि बाहेर गेली.

येताना गाडीत शिवलीला पुढं बसली. चन्नम्मा तिच्या मानेवरचा अंबाडा बघत होती. ज्या केसांना तिनं लहानपणी हजारदा तेल लावलं होतं, ती मान मुरूम येईपर्यंत एकदाही मागं वळली नाही. माझं नशीब लावू नको म्हणणाऱ्या बहिणीला आता कळलं होतं की ते तिच्याच अंगातून आलंय. चन्नम्माला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शिवलीला दोषी नाही हे तिला पटत होतं, आणि तीस वर्षं आपण स्वतःला दोषी धरलं, तेही आता कुठं ठेवावं हे कळत नव्हतं.

सृष्टीची परीक्षा झाल्यावर शिवराजनंच तिला माकणीला आणून सोडलं. पोरीनं जीवशास्त्राचं पुस्तक आणलं होतं. दुपारची चूल विझवून चन्नम्मा भिंतीला टेकली, तेव्हा सृष्टीनं पुस्तक उघडलं. पानावर एक गोल होता, त्याच्या मधोमध दुसरा गडद गोल.

"मावशी, ही पेशी. आपलं सगळं अंग असल्या पेशींचं बनलंय. आणि हे मधलं केंद्रक. अंग कसं घडवायचं याचं सगळं लिखाण ह्याच्यात असतं."

"सगळं?"

"सगळं. डोळे, केस, हाडं. पण लिखाण आपोआप चालू होत नाही. केंद्रकात काही प्रथिनं असतात. ती त्या लिखाणावर जाऊन बसतात आणि ठरवतात, हा भाग आता चालू कर, हा बंद ठेव. प्रत्येक पेशीत लिखाण तेच, पण डोळ्यातलं वेगळं चालू, हाडातलं वेगळं. ही प्रथिनं नसली तर नुसतं लिखाण पडून राहतं."

"मग आपल्यात कोनतं न्हाय?"

"आपल्या गाठींतून हार्मोन निघतं. रक्तातून सगळीकडं जातं. ते सांगावा आणतं, की पुरुषाचं अंग घडव. तो सांगावा पेशीत एका प्रथिनानं धरायचा असतो, धरून केंद्रकात जायचं आणि बरोबर जागेवर बसून ते काम सुरू करायचं. आपल्यात ते प्रथिनच बिघडलेलं. त्यामुळं हार्मोन येतं, पण ते धरणारं कुणी नाही. केंद्रकाला कळतच नाही की सांगावा आलाय. मग अंग बाईचं घडतं."

चन्नम्मा त्या गडद गोलाकडं बघत राहिली. "मग पिशवी का न्हाय?"

"पिशवी बनू नको म्हणून सांगणारं दुसरं हार्मोन असतं. त्याची वाट वेगळी. तो सांगावा पोचला."

"एक पोचला, एक न्हाय."

"हं."

"म्हंजी रोज येतच होता सांगावा," चन्नम्मा म्हणाली. "म्या पोटात असल्यापासनं. आन् घेनारं कुनी न्हवतं." तिनं पानावरच्या गोलावर बोट ठेवलं. "अव्वाला वाटायचं, पोटुशी असताना तिनं गिरान न पाळता काय तरी चिरलं. मरेपर्यंत तिला तेच वाटायचं. सासू म्हनायची, मागल्या जन्माचं. आन् ते एवढंसं, डोळ्याला बी न दिसनारं."

मग ती रडली. सृष्टीनं तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. रडण्यात मोठा आवाज नव्हता, पण ते लवकर थांबलंही नाही. बाहेर गजराबाई भाकरी न्यायला आली होती. आतला आवाज ऐकून ती दारातूनच परत गेली.

सृष्टी मुरूमला गेल्यावर चन्नम्माच्या मनात एकच गोष्ट घोळू लागली. उमाशंकरला सांगायचं. का, हे तिला नीट सांगता आलं नसतं. परत नांदायला जायचं नव्हतं. त्याचा दुसरा संसार होता, मुलं मोठी झाली होती. फक्त एका माणसाला हे माहीत असायला हवं असं तिला वाटत होतं. तिच्या शेजारी निजून जो कष्टी झाला होता, त्याला.

ती उमरग्याहून आळंदची गाडी धरून गेली. घर बदललं होतं, वर स्लॅब पडला होता. उमाशंकर ओसरीवर तुरीच्या पोत्यांपाशी बसला होता. डोईवरचे केस गेले होते. त्यानं तिला ओळखलं आणि तो उठला. आतून एक तरणा मुलगा आला आणि बापाकडं बघू लागला.

"माकणीचे पाहुणे आहेत," उमाशंकर म्हणाला. "तुझ्या अव्वाला चहा ठेवायला सांग."

मुलगा आत गेला. दोघं कन्नडमध्ये बोलले, कारण त्यांचं जे काही थोडं बोलणं पूर्वी झालं होतं, ते कन्नडमध्येच झालं होतं. चन्नम्मानं ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. जमेल तसं, खालच्या आवाजात. केंद्रक, प्रथिन हे शब्द तिनं मराठीतलेच वापरले. उमाशंकर मान खाली घालून ऐकत होता.

"तुझी चूक नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "मी आईला म्हणालो होतो तसं."

"मला नाही म्हणालात."

तेवढ्यात त्याची बायको शांतम्मा चहा घेऊन आली. ठसठशीत कुंकू, दमलेला चेहरा. तिनं पाहुण्या बाईला कुठल्या, कशा आल्या, पाऊसपाणी कसं, हे विचारलं. ही कोण ते तिला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून तिनं दाखवलं नाही, हे चन्नम्माला कळलं नाही. चहा गोड होता. चन्नम्मा तो सगळा प्यायली, बशी विसळून ठेवायला निघाली तर शांतम्मानं ती हातातून घेतली.

उमाशंकर फाट्यापर्यंत यायला निघाला होता. "नका येऊ," चन्नम्मा म्हणाली. "उनाचं." गाडीत बसल्यावर तिला वाटलं होतं तितकं हलकं वाटलं नाही. मुलाला सांगितलेले 'माकणीचे पाहुणे' हे शब्द तिच्या कानात होते. खोटं तर काही नव्हतं त्यात.

दीपमाला मॅडमनी तिचीही तपासणी केली होती आणि बजावलं होतं की वय वाढेल तसा त्या ग्रंथींत कर्करोग होण्याचा धोका वाढतो, त्या काढलेल्या बऱ्या. सृष्टीचंही अठरा पूर्ण झाल्यावर तेच करायचं होतं. पोरगी भीत होती. म्हणून चन्नम्मानं ठरवलं, आधी आपण जायचं. तिनं दुकानदारांना भाकरी बंद असल्याचं सांगितलं. गजराबाईला म्हणाली, "पोटाचं बारीक आपरेशन हाय."

"संगं कोन?" गजराबाईनं विचारलं.

"हायत की दवाखान्यात बाया."

ऑपरेशन नीट झालं. काढलेल्या गाठी तपासल्या, त्यात वाईट काही निघालं नाही. वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी कुणी ना कुणी होतं. कुणाची सासू डोकं दाबत होती, कुणाचा नवरा केळी सोलत होता. चन्नम्माच्या खाटेशेजारचं स्टूल पलीकडच्या खाटेवाल्यांनी विचारून नेलं. "लागलं तर देतो आणून," ते म्हणाले. तिला लागलं नाही.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी शिवलीला आली. हातात मोसंब्यांची पिशवी. स्टूल नव्हतं, म्हणून खाटेच्या कडेवर बसली. मोसंबं सोललं, फोडी करून अक्काच्या हातावर ठेवत राहिली. किती वेळ दोघी नुसत्या खात बसल्या.

"अक्का, अव्वाला ठाऊक होतं का गं?"

"ठाऊक न्हवतं. भ्या होतं निस्तं."

"म्याबी तसंच केलं. पोरीला म्हनले, कुनाला सांगू नकू." शिवलीलानं साल हातात चुरगळली. "तुला तसं बोलायला नको होतं म्या."

"जाऊ दे."

"तुझं आपरेशन हाय म्हनून सृष्टीनं सांगितलं. मला यायचं होतं पयल्या दिशी. पाय निघंना."

"आलीस की," चन्नम्मा म्हणाली. शिवलीलाला पाचची गाडी धरायची होती. जाताना तिनं वाकून अक्काच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि टाके ओढतील म्हणून चन्नम्माला तिला उठवून जवळ घेता आलं नाही.

पुढल्या वर्षी सृष्टीचं ऑपरेशन झालं. ती आता लातूरला बीएस्सी करते, वसतिगृहात राहते. रोज एक हार्मोनची गोळी घेते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चन्नम्माही गोळ्या घेते. सृष्टीनं खोलीतल्या मैत्रिणींना काही सांगितलेलं नाही. कधी सांगेल, कुणाला सांगेल, हे तिचं तिलाच ठरवायचं आहे, असं मॅडमनी सांगितलंय. शिवलीलाचं येणंजाणं सुरू झालंय, पण दोघी बहिणी त्या विषयावर पुन्हा बोललेल्या नाहीत. गावात कुणाला काही माहीत नाही. डोहाळजेवण असलं की गजराबाई अजूनही भाकरी स्वतः न्यायला येते. एकदा चन्नम्माच्या ओठांवर आलं होतं, की बस गजरा, तुला एक सांगते. पण काय सांगायचं? पेशीपासून सुरुवात करावी लागली असती. तिनं भाकरी बांधून दिली.

रविवारी दुपारी सृष्टीचा फोन येतो. मेसमधल्या भाजीचं, प्रॅक्टिकलचं, कुठल्या मैत्रिणीचं लग्न ठरल्याचं सांगते. मागच्या एका रविवारी बोलता बोलता तिनं मधेच विचारलं.

"मावशी, तुला एकटं वाटतं का गं?"

चन्नम्माला 'न्हाय गं' म्हणता आलं असतं. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती.

"वाटतं की," ती म्हणाली. "दुपारच्याला लई वाटतं."

मग सृष्टी म्हणाली, "मला संध्याकाळी वाटतं. सगळ्या फोनवर बोलत असतात तेव्हा."

"व्हय का."

"हं."

बोलणं संपलं होतं. पण फोन कुणी ठेवला नाही. लातूरच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न चन्नम्माला ऐकू येत होते.